सक्तीचा सूर्यनमस्कार : व्यायामशिक्षक म्हणून भवानराव पंतप्रतिनिधी यांचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातील क्रीडा विभागाचे पान उघडले, की आंतरमहाविद्यालयीन, विभागीय आणि विद्यापीठीय स्पर्धांतील यशाची नोंद तेथे हमखास सापडते. ज्या विद्यार्थ्यांची निवड कोणत्याच संघात झाली नाही, त्यांच्या शरीराचे त्या वर्षात काय झाले, याविषयी ते पान काहीच सांगत नाही. क्रीडाप्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे मोजमाप पदकांवरून करण्याची ही सवय आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे, की ज्याने एकही संघ बांधला नाही आणि एकही सामना जिंकून दिला नाही, त्याला प्रशिक्षक म्हणावे की नाही असाच प्रश्न पडावा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे अशा प्रकारचे प्रशिक्षक होते. ते कोणत्याही महाविद्यालयाच्या नोकरीत नव्हते, त्यांच्या हाताखाली कोणी विक्रमवीर तयार झाला नाही. मात्र एक संपूर्ण संस्थान त्यांनी वर्ग म्हणून हाती घेतले आणि हयातभर एकच विषय शिकवला.

भवानरावांविषयीच्या लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. मराठीतील बहुतेक लेखन गौरवपर आहे. त्यात चित्रकार राजा, कीर्तनकार राजा, १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष आणि प्रजेला सत्ता देणारा राजा अशी गुणांची मालिका येते आणि सूर्यनमस्कार हा तिच्यातील एक मणी ठरतो. दुसरा प्रवाह इंग्रजी अभ्यासकांचा. जोसेफ ऑल्टर यांचा 'गांधीज बॉडी' (२०००), मार्क सिंगल्टन यांचा 'योगा बॉडी' (२०१०) आणि एलियट गोल्डबर्ग यांचा 'द पाथ ऑफ मॉडर्न योगा' (२०१६) या ग्रंथांनी औंधच्या राजाला आधुनिक व्यायामाच्या आणि योगाच्या जागतिक इतिहासात स्थान मिळवून दिले. हे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की तेथे भवानराव मुख्यतः एका साखळीतील दुवा म्हणून येतात. सँडोनंतरचे आणि आजच्या योगवर्गांच्या आधीचे. त्यांचा वर्ग, त्या वर्गातील मूल आणि त्या मुलाच्या घरची भाकरी या गोष्टी दोन्ही प्रवाहांत बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की भवानरावांचे खरे कर्तृत्व अध्यापनपद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीचे बळ व तिची उणीव यांचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे सक्तीत आहे. एकाची दखल घेऊन दुसरी वगळता येत नाही.

सँडोकडून सूर्याकडे

भवानराव पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे पदवीधर. औंधची गादी त्यांना १९०९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मिळाली. त्यापूर्वीची त्यांची व्यायामाची वाटचाल उद्बोधक आहे. १८९७ च्या सुमारास त्यांनी युजेन सँडो या युरोपीय बलसंवर्धकाची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. सँडोचा प्रभाव त्या काळी हिंदुस्थानभर होता. १९०४-०५ मध्ये त्याने या देशाचा दौराही केला. पुढे मिरज (थोरली पाती) संस्थानच्या अधिपतींच्या आग्रहावरून भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले. ते स्वतः हे स्थित्यंतर परक्या पद्धतीकडून आपल्या पद्धतीकडे झालेले प्रत्यागमन म्हणून मांडतात, आणि मराठी चरित्रकारांनी ते तसेच स्वीकारले आहे.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सूर्यनमस्कार हा उपासनेचा आणि तालमीचा प्रकार महाराष्ट्रात पूर्वीपासून होता, यात शंका नाही. परंतु हठयोगाच्या ग्रंथपरंपरेत त्याला मानाचे स्थान नव्हते. 'हठप्रदीपिके'वरील ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' या एकोणिसाव्या शतकातील टीकेत तर अतिरिक्त सूर्यनमस्कारांचा उल्लेख साधकाने टाळावयाच्या कायक्लेशांच्या उदाहरणादाखल येतो. भवानरावांनी या प्रकाराला जे रूप दिले, त्यात सँडोचे शिक्षण विसरले गेलेले नाही. आवर्तनांची मोजदाद, वयोमानानुसार चढते प्रमाण, छायाचित्रांच्या व तक्त्यांच्या साहाय्याने प्रत्येक स्थितीचे दिग्दर्शन, अवयवागणिक फायद्यांची यादी आणि घरबसल्या शिकता येईल अशी पुस्तकी मांडणी ही सगळी सामग्री एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या युरोपीय व्यायामसाहित्यातील आहे. सूर्यनमस्कारांची मूक चित्रफीत तयार करवून घेण्याची त्यांची कल्पना तर त्या काळाच्या बरीच पुढची. आशय देशी आणि अध्यापनतंत्र आधुनिक, असा हा संयोग आहे. 'स्वदेशी प्रत्यागमन' या एका शब्दात तो बसत नाही, आणि 'युरोपीय अनुकरण' या शब्दातही नाही. चित्रकाराची नजरही या कामी आली असावी. चित्ररामायण रेखाटणाऱ्या आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेणाऱ्या या माणसाला शरीराची स्थिती बाहेरून कशी दिसते, हे सांगता येत होते.

सँडोचा त्याग करण्यामागे आणखी एक कारण संभवते आणि ते संस्थानच्या अर्थव्यवस्थेत दडलेले आहे. औंध हे सुमारे पाचशे चौरस मैलांचे, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे संस्थान. तेही सलग नव्हे. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे आजच्या सातारा, सांगली व विजापूर जिल्ह्यांत विखुरलेले होते. त्यातील माणदेशाचा भाग पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा. अशा प्रदेशात प्रत्येक शाळेला मैदान, प्रत्येक मुलाला डंबेल्स आणि प्रत्येक होतकरूला खुराक पुरविणे कोणत्याही दरबाराला शक्य नव्हते. सूर्यनमस्काराला लागते ती एका माणसाच्या लांबीएवढी जमीन. साधन नको, जोडीदार नको, पंच नको. गरीब संस्थानाला परवडणारा हा व्यायाम होता, आणि त्याच्या प्रसाराचे श्रेय केवळ धर्मश्रद्धेला देताना ही साधी गोष्ट नजरेआड होते.

वर्गातील व्यायाम

१९२० च्या दशकात औंध संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या प्रयोगाची तपासणी फारशी कोणी केलेली नाही. दहा स्थितींचा हा क्रम वर्गात शिकविण्यास विलक्षण सोयीचा आहे. जाताना घेतलेल्या स्थितीच उलट क्रमाने परत येतात. त्यामुळे शिकणाऱ्याला दहा निराळ्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. अर्ध्या आल्या की उरलेल्या आपोआप येतात. तळवे एकदा जमिनीला टेकले की पुन्हा उभे राहीपर्यंत जागेवरून हलवायचे नाहीत, हा नियम वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभ्या असलेल्या एकट्या मास्तराला, ज्याने व्यायामाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले नाही, चूक कोठे होते आहे हे पाहण्याचे ते एक साधन आहे. तळवा सरकला म्हणजे पाय चुकला. पवित्रे, पेच किंवा मल्लखांबावरील पकडी यांत वस्तादाची अनुभवी नजर लागते. येथे ती नजर पद्धतीतच बसविलेली आहे.

मंत्रांचे स्थानही याच अंगाने पाहावे. भवानराव बीजमंत्र व सूर्याची नावे यांच्या उच्चारणावर भर देतात, आणि त्या ध्वनीचा परिणाम हृदय, घसा, आतडी अशा अवयवांवर होतो असे प्रतिपादन करतात. या दाव्यांना त्यांच्या लेखनात प्रयोगाचा आधार नाही. ते स्वानुभवाचे साक्षी आहेत, संशोधक नव्हेत. अनेक व्याधी सूर्यनमस्कारांनी बऱ्या होतात हे त्यांचे म्हणणेही याच जातीचे. याच काळात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून आसन-प्राणायामांच्या शरीरक्रियेचे प्रयोग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कुवलयानंद हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांचे शिष्य. म्हणजे तालमीच्या परंपरेतूनच आलेले. परंतु त्यांनी दावा आणि पुरावा यांत अंतर ठेवले. भवानरावांच्या लेखनात ते अंतर नाही, ही त्यांची मोठी मर्यादा मानली पाहिजे. मात्र वर्गात मंत्राचे एक निराळे कार्य होते. आवर्तनाच्या आधी सर्वांनी एकत्र उच्चार करणे म्हणजे गती एकसारखी राखणे, श्वास सावरणे आणि मोजणी न चुकणे. सरकारी शाळांतील ड्रिलमध्ये जे काम हुकूम करीत असे, ते येथे मंत्र करीत होता. शिक्षकाला ओरडावे लागत नव्हते. भवानरावांचा शरीरशास्त्रीय दावा नाकारूनही त्यांच्या शिक्षकी जाणिवेचे हे श्रेय देता येते.

या कार्याला औंधमध्येच एक विद्वान सहप्रवासी लाभला. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस औंधला आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचे स्वाध्याय मंडळ तेथेच होते. वेदांच्या संहितांबरोबर योगासनांवरील पुस्तकेही त्या छापखान्यातून बाहेर पडली. एवढ्याशा गावातून एवढे मुद्रण झाले नसते, तर सूर्यनमस्कार हा एका राजाचा छंद म्हणून संपला असता.

कोल्हापूरचा आखाडा आणि औंधचे अंगण

भवानरावांचे वेगळेपण शेजारच्या कोल्हापूरशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्याचे दृश्य स्मारक म्हणजे १९१२ मध्ये सिद्ध झालेले खासबाग मैदान. तेथे हजारोंनी बसावे आणि दोघांनी लढावे, अशी ती रचना. दरबाराने निवडक मल्लांना पोसावे, त्यांनी संस्थानचे नाव गाजवावे आणि त्यांच्याकडे पाहून गावोगावच्या पोरांनी तालमीची माती अंगाला लावावी, असा त्या आश्रयामागील विचार होता. तो निष्फळ ठरला असे कोणी म्हणणार नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या संघात जे दोन मल्ल होते, तेही महाराष्ट्रातील कुस्तीच्या परंपरेतून आलेले.

या परंपरेचे सर्वांत तेजस्वी फळ खाशाबा जाधव. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. त्याच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. महाविद्यालयाच्या स्पर्धेसाठी नाव द्यावयास गेला असता, चण लहान पाहून त्याला प्रथम नाकारण्यात आले आणि प्राचार्य खर्डेकरांनी मध्ये पडून संधी दिली. पुढे १९४८ साली लंडनला तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना याच प्राचार्यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. त्या वर्षी खाशाबांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

प्राचार्य खर्डेकरांच्या औदार्याची ही कथा आपण कृतज्ञतेने सांगतो, आणि सांगावीही. परंतु तीत निवडीवर उभ्या असलेल्या क्रीडाव्यवस्थेचा स्वभावही उघड होतो. तेथे प्रशिक्षकाचा पहिला निर्णय 'कोणाला घ्यावयाचे' हा असतो, म्हणजेच 'कोणाला घ्यावयाचे नाही' हाही. खाशाबांच्या बाबतीत तो निर्णय चुकला आणि कोणीतरी दुरुस्त केला, म्हणून ते नाव आपल्याला ठाऊक आहे. औंधच्या वर्गात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तेथे चण पाहिली जात नव्हती. मुलगा असो वा मुलगी, सडपातळ असो वा स्थूल, प्रत्येकाने जमिनीवर हात टेकावयाचे होते. स्त्रियांनी व्यायाम करावा हे भवानरावांचे मत त्या काळाच्या मानाने ठाम होते आणि आपल्या घरापासून त्यांनी ते आचरणात आणले होते.

याची किंमतही स्पष्ट आहे. स्पर्धा नसल्यामुळे औंधच्या पद्धतीत चुरस नाही, खेळाचा आनंद नाही, सांघिक भावना नाही. हरण्याचे शिक्षण नाही, जे खेळाशिवाय दुसरीकडे क्वचितच मिळते. शारीरिक शिक्षणाची जी व्यापक कल्पना हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला सुरू केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या संस्थेतून हिंदुस्थानात रुजत होती, तिच्यात खेळाला शिक्षणाचे माध्यम मानले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांना संघटित रूप दिले. औंधला यातील काहीच नको होते. एकाच व्यायामात सर्व काही आहे, अशी भवानरावांची श्रद्धा. कोणत्याही शिक्षकाच्या बाबतीत अशी श्रद्धा धोक्याची असते. तो मग विद्यार्थ्याला काय हवे आहे हे विचारावयाचे थांबतो.

लंडनचा वाचक आणि आटपाडीचा विद्यार्थी

१९३६ साली भवानराव इंग्लंडला गेले असता 'न्यूज क्रॉनिकल'च्या लुईस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या राजाची प्रकृती पाहून त्या थक्क झाल्या. या परिचयातून त्यांनी संपादित केलेले 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक १९३८ साली लंडनच्या जे. एम. डेंट या प्रकाशनसंस्थेने काढले आणि पुढे ते पुनःपुन्हा छापले गेले. शीर्षक पाहण्यासारखे आहे. मुखपृष्ठावरील सूर्यदेवाची मुख्य जागा दहा कलमांनी घेतली आहे. औंधच्या मुलासाठी जे वंदन होते, ते लंडनच्या कारकुनासाठी आरोग्याचा दशपदी उपाय झाले. यात फसवणूक काही नाही. आपल्या विद्यार्थ्याला समजेल त्या भाषेत शिकवावे, हे भवानरावांना चांगले कळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु याहून महत्त्वाचा फरक भाषेचा नव्हे. लंडनच्या वाचकाने ते पुस्तक स्वेच्छेने विकत घेतले होते. पटले तर करावे, न पटले तर फडताळात ठेवावे. आटपाडीच्या विद्यार्थ्याला ही मुभा नव्हती. एकच पद्धत एका ठिकाणी आवाहन म्हणून पोचली आणि दुसऱ्या ठिकाणी आज्ञा म्हणून. भवानरावांच्या जागतिक कीर्तीचा विचार करताना इंग्रजी अभ्यासक पहिल्या वाचकाकडे पाहतात. आपण दुसऱ्याकडे पाहावयास हवे.

हा दुसरा विद्यार्थी एकसारखा नव्हता. आटपाडीचेच शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे आत्मचरित्र याच संस्थानातील एका महार घराचे वास्तव सांगते. तेथे शरीराला विश्रांती नव्हती. तराळकीची कामे, पायपीट आणि अर्धपोटी राहणे हे सगळे गावगाड्याने सक्तीचेच केलेले होते. ज्या घरात शरीर हेच दिवसभर राबण्याचे साधन आहे, त्या घरातील मुलाला सकाळी शाळेत 'आरोग्यासाठी' घाम गाळावयास सांगणे आणि ज्या घरात बैठे काम व तूपभात आहे तेथील मुलाला तेच सांगणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. भवानरावांच्या पद्धतीतील समता येथे अपुरी पडते. तिने चण पाहिली नाही हे खरे, पण पोटही पाहिले नाही. एकाच ओळीत, एकाच गतीने सर्व जातींच्या मुलांनी जमिनीला कपाळ टेकणे याला १९२० च्या दशकात सामाजिक अर्थ नव्हता असेही म्हणता येणार नाही. तो अर्थ होता. मात्र वर्ग सुटल्यावर पाणवठा तोच राहत होता.

मंत्रांचा प्रश्नही सक्तीशी जोडलेला आहे. सूर्याची नावे घेणे हे ज्याच्या धर्मश्रद्धेत बसत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न पुढे निराळ्या संदर्भात वारंवार उभा राहिला. जानेवारी २००७ मध्ये मध्य प्रदेशातील शाळांतून सामुदायिक सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम योजला गेला, तेव्हा अल्पसंख्याक संघटनांनी आक्षेप घेतला आणि वाद न्यायालयात गेला. २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळण्यात आले, तेही अशाच आक्षेपांनंतर. या वादांत दोन्ही बाजू सूर्यनमस्काराला अतिप्राचीन धर्मविधी मानून बोलतात. शालेय विषय म्हणून त्याची घडण एका छोट्या संस्थानात, सँडोच्या वाचकाच्या हातून, शंभर वर्षांपूर्वी झाली, हे ध्यानात घेतले असते तर वादाची भाषा तरी थोडी बदलली असती.

आज्ञा देणारा आणि सत्ता सोडणारा

भवानरावांच्या चरित्रातील सर्वांत मोठी विसंगती येथे येते, आणि गौरवपर लेखनाने ती विसंगती म्हणून कधी पाहिलीच नाही. १९३८ च्या अखेरीस त्यांनी प्रजेला स्वराज्य देण्याचे घोषित केले. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली, मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या परिश्रमांतून जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अस्तित्वात आली. गावपंचायत हा तिचा पाया होता. न्यायदानाचे आणि खर्चाचे अधिकार गावापर्यंत गेले. राजाने स्वतः साधेपणाने राहावे, ही गांधीजींची अपेक्षाही भवानरावांनी स्वीकारली. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिच्यावरून सुचलेला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट सर्वपरिचित आहे.

शिक्षा झालेल्या गुन्हेगारांवर बेड्या न घालता विश्वास टाकावा, अडाणी समजल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या हाती तिजोरी द्यावी, आणि शाळकरी मुलाला मात्र व्यायामाची आज्ञा करावी, हे एकाच माणसाच्या मनात कसे नांदत होते? एक उत्तर असे, की दोन्हींच्या मुळाशी आत्मसंयमाचीच कल्पना आहे. ज्याला स्वतःच्या शरीरावर राज्य करता येते त्यालाच गावावर करता येईल. भवानरावांना हे उत्तर मान्य झाले असते. गांधीजींनाही बहुधा झाले असते. तथापि ते पुरेसे नाही. आत्मसंयम दुसऱ्याच्या हुकुमाने येत असेल तर त्याला आत्मसंयम म्हणावे की शिस्त, हा भेद उरतोच. १९३९ च्या घटनेने राजाने प्रजेला प्रौढ मानले. त्याच्या आधीची जवळजवळ दोन दशके शाळेतील सूर्यनमस्काराने तिला बाल मानले होते. पहिली गोष्ट दुसरीमुळे शक्य झाली, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु तसे दाखविणारा पुरावा पुढे आल्याशिवाय तो मोह आवरलेला बरा.

शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना ही चर्चा निव्वळ ऐतिहासिक वाटू नये. आज महाविद्यालयांतून शारीरिक शिक्षण काही ठिकाणी गुणांसाठी सक्तीचे आहे आणि बहुतेक ठिकाणी ते खेळाडूंपुरते आहे. सक्तीच्या ठिकाणी उपस्थितीपत्रक भरते, ऐच्छिक ठिकाणी मैदान ओस पडते. सर्वांना घ्यावयाचे आणि तरीही कोणावर लादावयाचे नाही, ही अडचण औंधच्या राजाला सुटली नव्हती. त्याच्याजवळ निदान एक गोष्ट होती. तो स्वतः रोज पहाटे नमस्कार घालीत असे. आपल्यापैकी किती जणांना हे म्हणता येईल, ते ज्याचे त्याने पाहावे.

बनगरवाडीची तालीम

भवानरावांच्या व्यायामप्रेमाचे सर्वांत मार्मिक समीक्षण एका कादंबरीत आहे, आणि व्यायामाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष दिलेले दिसत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर घडते. संस्थानाने नेमलेला तरुण मास्तर वाडीत येतो, शाळा चालवू पाहतो आणि पुढे गावकऱ्यांच्या श्रमातून एक तालीम उभी करतो. तिच्या उद्‌घाटनाला खुद्द पंतसरकार येतात.

या प्रसंगाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तालीम बांधा, असा हुकूम सुटलेला नाही. मास्तराच्या मनात ती कल्पना येते, वाडी कुरकुरत, अडत, पण अखेर आपल्या हातांनी ती उभारते, आणि राजा येतो तो शेवटी, पाहुणा म्हणून. संस्थानच्या शाळांत वरून खाली आलेला व्यायाम येथे खालून वर जातो. राजाला कशाचे कौतुक वाटेल हे मास्तराला ठाऊक आहे. तेवढ्यापुरती सत्तेची छाया आहेच. तरीही वाडीने दगड-माती वाहिली ती स्वतःच्या पोरांसाठी. भवानरावांच्या दोन प्रयोगांत, म्हणजे सक्तीच्या व्यायामात आणि पंचायतीच्या स्वराज्यात, जे अंतर राहिले, ते माडगूळकरांनी एका इमारतीत मिटविले आहे. याच लेखकाच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील शरीरे आठवली, म्हणजे ही तालीम बांधणारे हात कोणते होते हेही कळते.

परंतु माडगूळकर तेथे थांबत नाहीत. पाऊस पडत नाही. मेंढरे मरू लागतात, चारापाणी संपतो, आणि माणसे एकेक करून वाडी सोडून जगावयास बाहेर पडतात. शाळेत मुले उरत नाहीत आणि मास्तरालाही निघावे लागते. तालीम उभीच असते. तिच्यात उतरणारी पोरे आईबापांबरोबर कोठे कोठे गेलेली असतात.